तेवीस नंबरची बाटली

आमच्या दूध संस्थेत एक नियम आहे आणि तो मी अठरा वर्षांत कुणाला मोडू दिलेला नाही. दूध सरपंचाच्या गोठ्यातलं असो नाहीतर एकुलत्या एका गायीचं, नमुना काढल्याशिवाय ते कॅनमध्ये ओतायचं नाही. प्रत्येक सभासदाची एक बाटली असते, रुंद तोंडाची, रबरी बुचाची, वर नंबर रंगवलेला. रोज सकाळी पळीभर दूध तिच्यात जातं, पहिल्या दिवशी वर फॉर्मॅलिनचे चार थेंब पडतात, म्हणजे ते नासत नाही, आणि दहा दिवसांनी बाटली तपासणीला जाते. माझ्या दुधाला फॅट कमी का लावली म्हणून कुणी भांडायला आलं तर मी बाटली पुढे ठेवते. तोंडाची वाफ दवडायची नाही, नमुना बघायचा.

हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे जे झालं ते ऐकून लोक म्हणतात, कौशल्याबाई फार तापट. असेन मी तापट. पण दुधाला जो न्याय आहे तेवढा तरी बाईला मिळावा, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यात कुणाला तापटपणा दिसत असेल तर दिसू दे.

दोन हजार अठरा सालची गोष्ट. आमचं गाव वडवणीपासून अकरा किलोमीटरवर. त्या वर्षी ऑगस्टनंतर पावसाने तोंड दाखवलं नाही. दसऱ्याच्या आधीच विहिरींचे तळ दिसायला लागले, माणसांनी गायींना बाजार दाखवला, आणि चारशे लिटरची आमची संस्था साठ लिटरवर आली. एकशे दहा बाटल्यांपैकी ऐंशी बाटल्या फळीवर पालथ्या पडून राहिल्या. तरी साखराबाई त्या रोज पुसायची. साखराबाई म्हणजे आमची बाटल्या धुणारी. अकरा वर्षं ती हेच काम करतेय. वयाने माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी, अक्षर एक येत नाही, पण नंबर सगळे ओळखते, आणि अकरा वर्षांत तिच्या हातून एक बाटली फुटलेली मला आठवत नाही.

म्हणूनच दसऱ्याच्या चार दिवस आधी तेवीस नंबरची बाटली फळीवर दिसली नाही तेव्हा मला चटकन खटकलं. फॉर्मॅलिनची बाटलीही चांगली दोन बोटं उतरलेली होती. ते औषध मी कपाटात कुलपात ठेवते, आणि दुसरी किल्ली फक्त साखराबाईकडे. पोटात गेलं तर माणूस दगावतं. दुष्काळाच्या वर्षी असली वस्तू हिशेबाबाहेर गेलेली मला मुळीच चालत नाही.

"साखराबाई, तेवीस नंबर कुठाय?"

"फुटली आसंल, ताई."

"मग काचा कुठायत?"

ती खाली मान घालून बाटली पुसत राहिली. मी तिला नको नको ते बोलले. चोर म्हणाले नाही, पण त्याच्या उंबरठ्यापर्यंत गेले. तेवीस नंबर तिच्याच घरचा होता, सून चंद्रभागाच्या नावावर. त्यांची गाय भादव्यात विकली गेली होती आणि बाटली रिकामीच पडून होती. हे माझ्या ध्यानात आलं, पण त्याचा अर्थ लावायची तसदी मी घेतली नाही. राग आला की मला पुढचं दिसत नाही, हा माझा दोष मी मान्य करते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः चंद्रभागा संस्थेत आली. तिशीची, अंगाने काटक. डावा हात छातीशी धरून उभी राहिली.

"ताई, आमी उसाला निघालो. भाऊबीज झाली की गाडी यील. आमचा नंबर कुनाला दिऊ नका. गाय घेतली की मी परत दूध घालाय लागते."

तीन वर्षं ती ऊसतोडीला गेली नव्हती. दुधावर घर चालवत होती आणि त्याचा तिला अभिमान होता. आता दुष्काळाने परत कोयत्याला जुंपली. नंबर ठेवते म्हटलं आणि विचारलं, "हाताला काय झालं?"

"हाताला न्हाई. हितं गाठ व्हती, सुपारीयेवढी. धुळाजी मुकादम म्हनला, फडात आजारपन नगं, आधी मोकळी हून ये. मंग दवाखान्यात गेलतो. अर्ध्या घंट्यात काढली डाक्टरनी. संगं गर्भाची पिशवी बी काढू म्हनत व्हते, म्हंजी पुढं कॅन्सरची भीती न्हाई. पर आत्याबाई आडव्या झाल्या. पिशवीला हात लावू दिला न्हाई."

"आणि गाठीचा रिपोर्ट काय आला?"

"कशाचा रिपोर्ट?"

माझी थोरली बहीण वत्सला अशाच सुपारीएवढ्या गाठीने गेली. तिचीही गाठ अशीच काढून टाकली होती, तीही डॉक्टरच्या मते साधीच होती. दीड वर्षाने तिची पाठ दुखायला लागली, आणि गाठीतलं दुखणं मणक्यात जाऊन बसलंय हे कळलं तेव्हा सांगणाऱ्या डॉक्टरने डोळे वर केले नाहीत. ती गाठ कशाची होती हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी तपासलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी चंद्रभागाच्या नवऱ्याला, शहादेवला, बरोबर घेतलं आणि दवाखाना गाठला. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. एकाचं लिहिलं तर दुसऱ्यांना वाटेल आपण सुटलो. डॉक्टर पिकल्या केसांचा, बोलायला गोड. मी विचारलं, गाठ तपासायला पाठवली का?

"साधी गाठ होती हो. तीस वर्षं हेच करतोय, माझ्या बोटाला कळतं."

"दुधात पाणी आहे हे माझ्याही बोटाला कळतं," मी म्हणाले. "तरी मी मशीन लावते."

तो हसला. "आणि पाठवणार काय? गाठ तर त्यांनीच घरी नेली. सासू हट्टाला पेटली. आमच्या सुनेचं अंग आहे, आम्हाला द्या म्हणे. दिली प्लास्टिकच्या पिशवीत घालून."

"त्यांनी नेली नसती तर पाठवली असती?"

आता तो हसला नाही. पुढच्या पेशंटचा कागद ओढून घेत म्हणाला, "बाई, हे ऊसतोडीचे लोक. रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतात. थांबतात का हे? गाडी आली की चढतात. मग कुणासाठी पाठवायचं?"

म्हणजे बघा. गाडीच्या आधी मोकळी करून पाठवणार हा, आणि थांबत नाहीत म्हणून दोष त्यांचा. शहादेव शेजारी टोपी हातात धरून उभा होता, जणू चूक त्याचीच. मी विचारलं, "मग बाकी बायांचं जे काढता ते कुठे जातं? गाठी, पिशव्या?" डॉक्टरने पुढच्या पेशंटला हाक मारली. दारातल्या कंपाउंडरने मानेनेच दवाखान्याच्या मागच्या अंगाला खूण केली. त्याला वाटलं, मी जागा विचारतेय.

सोमवारी चंद्रभागाला घेऊन मी औरंगाबादला गेले, कॅन्सरच्या सरकारी दवाखान्यात. शहादेव यायला तयार नव्हता. धुळाजीने त्याला ऐकवलं होतं, कोयता अर्धा चालत नाही. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकजण तोडणार, दुसरा मोळ्या बांधून डोक्यावर वाहणार, आणि कारखान्याच्या कागदावर दोघांचं मिळून एकच नाव. बायको आजारी म्हणजे कोयता मोडला. शेवटी साखराबाईनेच त्याला दटावलं, आणि तो आला.

तिथली डॉक्टरीण वयाने लहान होती. तिने चंद्रभागाला नीट तपासलं, काख चाचपली, तिथे हाताला काही लागत नाही म्हणाली, आणि मग विचारलं, "गाठ कुठे आहे?"

"सासूने घरी नेली होती," मी म्हणाले. "आठ-दहा दिवस झाले, आता कुठली राहायला?"

"गाठ नाही तर मी सांगू काय?" ती म्हणाली, पण चिडून नाही. "ती साधी असू शकते. कॅन्सरचीही असू शकते. अंदाजावर कॅन्सरची औषधं देता येत नाहीत आणि अंदाजावर उसाला जा असंही म्हणता येत नाही. आणि कॅन्सर असेल तर कुठल्या जातीचा, तेही गाठीतच लिहिलेलं असतं."

"जातीचा म्हणजे?" मी विचारलं.

तिने खुर्ची पुढे ओढली. दारात रांग लागली होती, तरी तिने वेळ दिला. एवढं सांगणारा डॉक्टर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. ती म्हणाली, "आपल्या पेशींच्या अंगावर एक प्रोटीन असतं. थोडं थोडं सगळ्यांच्याच असतं. त्याचं काम एवढंच, पेशीला वाढायचा निरोप द्यायचा. काही गाठींत हे प्रोटीन बेसुमार होतं. मग पेशीला दिवसभर, रात्रभर एकच निरोप, वाढ, वाढ, पुढे चल. ती पेशी थांबायचं विसरते. छातीतली जागा सोडते, काखेत जाते, तिथून फुप्फुसात, हाडात. अशी गाठ लवकर पसरते."

मला वत्सलाचा मणका आठवला. चंद्रभागा मात्र नीट ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजी मुकादम हाय की त्यो. एका फडात दम घिऊ देत न्हाई. एक फड सपला की चला म्हनतो दुसऱ्या फडात."

डॉक्टरीण हसली आणि मग हसायची थांबली. "अगदी तसंच. आणि या मुकादमाचं तोंड बंद करणारं इंजेक्शन निघालेलं आहे. ते त्या प्रोटीनलाच जाऊन धरतं. पण ज्या गाठीत ते प्रोटीन नाही तिथे त्याचा काही उपयोग नाही. म्हणून गाठ बघावी लागते. गाठ असती तर पंधरा दिवसांत सगळं सांगितलं असतं."

परतीच्या एसटीत बीड येईपर्यंत माझा राग डॉक्टरवर होता. बीडवरून पुढे तो साखराबाईवर वळला, कारण ती हाताशी होती. गोड बोलणाऱ्या डॉक्टरचं आपण काही वाकडं करू शकत नाही हे कळलं की माणूस जवळचं कुणीतरी शोधतं. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

साखराबाई अंगणात मोरीपाशी बसली होती. मी बसले सुद्धा नाही. अकरा वर्षं मी तिला अहो-जाहो करते, त्या दिवशी तेही सुटलं.

"गाठ कुठे टाकलीस?"

"टाकली न्हाई, ताई. पुरलीय."

"पुरलीस? सुनेचा जीव मातीत घातलास तू. तुला कळतं का काही? त्या गाठीत सगळं होतं. कॅन्सर आहे का नाही, औषध कुठलं द्यायचं, सगळं. अडाणी ते अडाणीच. दवाखान्यातून घरी आणायची वस्तू आहे का ती?"

ती ऐकून घेत होती. चंद्रभागा मध्ये पडायला बघत होती, तिलाही मी गप्प केलं. माझं सगळं बोलून झाल्यावर साखराबाई म्हणाली, "बाटलीत घालून पुरलीय. तुमच्या तेवीस नंबरच्या."

मी तिथेच मोरीच्या दगडावर बसले.

"बाळतपनातली वार पुरतो आपुन, नाळ पुरतो," ती म्हणाली. "अंगाचा तुकडा असा कुत्र्या-डुकराच्या तोंडाला द्याचा न्हाई. म्हनून मागून आनली. पर जमीन आशी वाळलेली, पहारीबिगर टीचभर उकरंना, आन शहादेव चारा बघाय गेलता. दोन दिस घरात ठिवायची तर वास सुटंल. मंग तुमचं औषध घातलं. दूध नासत न्हाई तर हे बी नासनार न्हाई. बाटली आमच्याच नंबरची व्हती. औषध मातर मी चोरलं, ताई. ते खरं हाय."

"किती घातलं?"

"दुधाला चार थेंब घालता तुमी. हे मांस. ह्याला बाटलीच्या तळाशी बोटभर घातलं, आन वर पानी."

शहादेवने पहार आणली. मोरीपासून दोन हातांवर एक जुना पाटा पालथा घातला होता, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. पाटा काढला, माती अक्षरशः ढेकळांनी निघाली. हातभर खाली जुन्या लुगड्याच्या धडप्यात बाटली होती, बूच घट्ट, वरून सुतळीने आवळलेलं. मी ती उजेडात धरली. पाण्यात पांढुरकी झालेली गाठ तळाशी बसली होती. नंबरसुद्धा पुसला गेला नव्हता.

मी साखराबाईची माफी मागायला हवी होती. मागितली नाही, जीभ वळली नाही. ती म्हणाली, "आता बघा तरी, उपयोगाची हाय का," आणि मोरीतली भांडी घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी बाटली मांडीवर धरून औरंगाबादला नेली. तिथल्या लॅबवाल्याने बूच काढलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "कुठल्या दवाखान्याने घातलं फॉर्मॅलिन?" मी म्हणाले, दवाखान्याने नाही, आमच्या बाटल्या धुणाऱ्या बाईने घातलं. प्रमाण सांगितलं. तो म्हणाला, "आम्हीही साधारण असंच घालतो. दहाला एक." दवाखान्यातून घरी यायला किती वेळ गेला, घरी आल्यावर लगेच घातलं का, हे सगळं विचारून लिहून घेतलं. जास्त दिवस राहिलंय, प्रोटीनची तपासणी जमेल का सांगता येत नाही, पण करून बघू, असं म्हणाला.

मग वाट बघणं आलं. इकडे गावात कोयते तयार होत होते. बाया भाकरीची पिठं भरत होत्या, पालाच्या ताडपत्र्या शिवत होत्या. धुळाजी रोज संध्याकाळी शहादेवच्या दारात येऊन बसायचा. तो वाईट माणूस नाही, आधी तोच कोयता चालवायचा. पण त्याच्या डोक्यात कारखान्याने दिलेला गाड्यांचा आकडा असायचा आणि दुसरं काही शिरायला जागा नसायची. "गाठ निघाली ना? मंग आता कशाची वाट बघतो रं?" असं तो शहादेवला म्हणायचा. शहादेव हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ट्रक आला. चंद्रभागाचं गाठोडं चढलं, चूल चढली, शेळी चढली. औरंगाबादहून काही कळलं नव्हतं. मी संस्थेच्या दारात उभी होते. थांबा म्हणायला माझ्या हातात काय होतं? चंद्रभागा ट्रकच्या फाळक्यावर पाय ठेवून चढत होती, तेवढ्यात माझा फोन वाजला. डॉक्टरीणबाई स्वतः बोलत होत्या.

कॅन्सर होता. आणि ते प्रोटीन होतं, भरपूर, शंका राहू नये इतकं. "गाठ मिळाली नसती तर हे आपल्याला दीड-दोन वर्षांनी कळलं असतं, दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणी," त्या म्हणाल्या. "अजून पसरल्याचं दिसत नाही. ताबडतोब घेऊन या. इंजेक्शन लागू पडेल अशी चांगली आशा आहे."

मी ट्रकपाशी जाऊन सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं, लपवायचं कशाला? पहिलं कोण बोललं असेल तर धुळाजी.

"मंग माझ्या कोयत्याचं काय?"

बाई कशी आहे, वाचेल का, काही नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तोंड उघडणार, त्याआधी चंद्रभागाच म्हणाली, "मुकादम, माज्या आतबी एक मुकादम बसलाय. आधी त्याला गप करते. तुमचं मंग बघू." आणि खाली उतरली. शहादेव ट्रकात होता. त्याने काही न बोलता गाठोडं खाली टाकलं, मग चूल दिली, मग शेळी. शेवटी स्वतः उतरला. ट्रक गेल्यावर तो रस्त्यातच बसून रडला. मी त्याला रडू दिलं.

चंद्रभागाचं दुसरं ऑपरेशन झालं, सलाइनमधली औषधं सुरू झाली, ते इंजेक्शनही सुरू झालं. केस गेले. तिची ये-जा चालू होती, शहादेव बरोबर असायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षभर चालेल, पण गाडी रुळावर आहे.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण एके दिवशी सकाळी साखराबाई रिकाम्या बाटल्या पुसत होती, आणि मान वर न करता तिने विचारलं, "ताई, माझी पिशवी कुठं टाकली आसंल?"

मला आधी कळलंच नाही.

"शहादेव पाच वर्सांचा व्हता. सव्वीस-सत्ताविसावं लागलं आसंल मला. पांढरं जायचं. ह्याच डाक्टरनी सांगितलं, पिशवी सडलीय, काढली न्हाई तर कॅन्सर हुईल. मला शुद्ध न्हवती. शहादेवच्या बापाला तबकात दाखवली म्हनं, ही बघा आशी झाली व्हती. मंग कुठं गेली कुनाला ठावं. मालकाला इचारलं तर म्हनाले, मी काय पुसू? वार पुरली मी शहादेवची, नाळ पुरली. आन ज्या पिशवीत त्यो नऊ म्हैने ऱ्हायला ती पुरली न्हाई. म्हनून सुनेच्या वक्ताला हट्ट केला."

"तपासली होती का ती?" मी विचारलं. प्रश्न तोंडातून गेल्यावर मलाच त्याची लाज वाटली.

"कोन तपासतंय, ताई? आपल्या गल्लीतच धा-बारा जनींची काढलीय. कुनाच्या हातात एक कागद न्हाई."

सत्तावीस वर्षांची बाई. पंचवीस वर्षं झाली, तिला कॅन्सर होता की नव्हता, पिशवी खरंच सडली होती की चांगली धडधाकट होती, हे जगात कुणालाच माहीत नाही आणि आता कधीही कळणार नाही. आणि मी, पळीभर दुधाचा नमुना सांभाळणारी, अकरा वर्षं तिच्या शेजारी बसून हिला कधी काही विचारलं नाही. वर तिलाच अडाणी म्हणाले. त्या दिवशी मी माफी मागितली. ती म्हणाली, "आसूं द्या," आणि फळीवरची एक बाटली उचलली. "ही घिऊ का? आवंदा इचारून घेते."

आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. रांग होती, साखराबाई रांगेत बसली. नंबर आल्यावर तिने डॉक्टरच्या टेबलावर रिकामी बाटली ठेवली.

"माझी पिशवी काढलीती तुमी. ती न्यायला आलेय."

डॉक्टरने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला वाटलं हे मीच शिकवलंय. "मावशी, किती वर्षांपूर्वीचं हे? तेव्हाचे कागद कुठले आता?"

"कागद न्हाई मागत. जागा दावा. कुठं टाकली?"

तो उठला, बसला, घंटी वाजवली, मला म्हणाला, बाई, तुम्ही शिकलेल्या, यांना समजवा. मी म्हणाले, "मला समजलंय. तुम्हीच जागा दाखवा." बाहेरच्या बायका दारात येऊन ऐकत होत्या. त्यातल्या दोघी-तिघींनी नकळत पोटावर हात ठेवला होता. डॉक्टरने मान फिरवली. कंपाउंडरने परत तीच खूण केली, मागच्या अंगाला.

मागे एक खड्डा होता. त्यात सलाइनच्या बाटल्या, रक्ताचा कापूस, हातमोजे, राख. दोन डुकरं आम्हाला बघून बाजूला झाली, लांब गेली नाहीत. साखराबाई पदर खोचून खड्ड्याच्या काठाशी बसली. मग हाताने वरची राख बाजूला सारून खालची माती उकरली आणि मूठ मूठ बाटलीत भरली.

घरी आल्यावर शहादेवने मोरीपाशी, त्याच जागी परत खड्डा केला. साखराबाई म्हणाली, "ताई, चिट्टी लावा. तुमची रीत हाय ना?" आमच्या बाटलीला चिठ्ठी लागते ती तीन ओळींची. नाव, तारीख, तपासणी. नाव मी लिहिलं. तारीख तिला आठवेना, तिथे शहादेव पाच वर्षांचा असताना, असं लिहिलं. तपासणीच्या ओळीवर मी ‘झाली नाही’ असं लिहिलं आणि बाटली तिच्या हातात दिली.